वाचक विचारतात: घार, इंजिन आणि आपला कचरा

गेल्या अंकात इंजिनाच्या देखभालीवर लिहिताना एका ओळीत बर्ड हिटचा, म्हणजे विमानाला पक्षी धडकण्याचा उल्लेख केला होता, आणि त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. मी तीस वर्षं हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये काढलीत, इंजिनातून पिसं आणि हाडांचे तुकडे काढण्याचं काम कितीदा केलं ते मोजलेलं नाही, त्यामुळे विषय माझ्या फार जवळचा आहे. सगळी पत्रं घेता आली नाहीत, राहिलेल्यांनी रागवू नये.

प्रश्न (सांगलीहून एक वाचक): मागच्या पावसाळ्यात आम्ही घरचे पाच जण विमानाने निघालो होतो. चाकं जमिनीवरून सुटली आणि अर्ध्या मिनिटात उजवीकडून धाडकन आवाज झाला, विमान थरथरायला लागलं, मग केस जळल्यासारखा वास. आई रडायलाच लागली. पक्षी धडकलाय, परत फिरतोय असं पायलटने सांगितलं, पण नंतर पंचवीस मिनिटं आम्ही वरच फिरत होतो. एवढं झालं होतं तर लगेच का नाही उतरवलं? आणि हे नेमकं टेकऑफलाच का होतं?

उत्तर: आधी वासाचं सांगतो, कारण त्यानेच माणूस जास्त घाबरतो. केबिनमधली हवा बहुतेक विमानांत इंजिनाच्या कंप्रेसरमधून, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागातून घेतलेली असते. पक्षी फॅनमधून, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या पंख्यातून पुढे आत गेला की तिथे भाजला जातो आणि त्याचा वास थेट तुमच्या सीटपर्यंत येतो. म्हणजे आग लागलीच असं नाही. थरथर कशाची, तर फॅनचं एखादं पातं वाकलं की फिरणाऱ्या चाकाचा तोल जातो, घरातल्या पंख्याचं पातं वाकल्यावर तो कसा हलतो तसंच, फक्त इथे फॅन मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेरे घेत असतो.

आता घिरट्या. टेकऑफला विमान इंधनाने भरलेलं असतं आणि उतरताना किती वजन चालतं त्याची मर्यादा वेगळी, कमी असते. देशातल्या प्रवासात आपण ज्या ए-३२० किंवा ७३७ मध्ये बसतो त्यांना हवेत इंधन सोडून द्यायची सोय नसते, त्यामुळे एक इंजिन नीट चालतंय, आग नाही, विमान ताब्यात आहे असं असेल तर पायलट चेकलिस्ट पूर्ण करतात, एटीसीशी, म्हणजे विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाशी बोलतात, थोडं इंधन जाळतात आणि मग उतरतात. ती पंचवीस मिनिटं म्हणजे कॉकपिटमध्ये घाई न करता चाललेलं काम होतं. आग असती तर जड विमान तसंच उतरवलं असतं, तेही चालतं, नंतर आम्हाला सगळा सांगाडा तपासावा लागतो एवढंच. १९ जून २०२२ ला पाटण्याहून दिल्लीला निघालेल्या स्पाइसजेटच्या विमानात १८५ प्रवासी होते, डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना खालच्या लोकांनी मोबाईलवर शूटिंग केलं होतं, ते इंजिन बंद करून विमान परत पाटण्यालाच सुखरूप उतरवलं. नंतर पाहिलं तर फॅनची तीन पाती खराब झालेली.

टेकऑफलाच का, याचं उत्तर जरा लांब आहे. नुसती संख्या बघितली तर उतरताना जास्त पक्षी धडकतात. पण नुकसान टेकऑफला मोठं होतं कारण इंजिन पूर्ण ताकदीवर असतं, पात्यांची टोकं आवाजाच्या वेगापेक्षाही जास्त वेगात फिरत असतात, विमान जड असतं आणि खाली उंची नसते. तासाला २७० किलोमीटरचा वेग धरा. त्या वेगात घार धडकली तर तो मार त्याच वजनाची वस्तू साधारण २८५ मीटरवरून खाली टाकल्यासारखा असतो, म्हणजे जवळपास नव्वद मजल्यांवरून. वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो, हे गणित पक्ष्याच्या वजनापेक्षा जास्त घात करतं.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, पायलट त्याला व्ही-वन म्हणतात. वजन, रनवेची लांबी, तापमान, वारा बघून निघायच्या आधीच एक वेग काढलेला असतो. त्याच्या आत काही झालं तर ब्रेक मारून थांबायचं. तो वेग ओलांडला की मग इंजिन बंद पडलं तरी थांबायचं नाही, उडायचंच, कारण थांबायला पुढे रनवे उरलेला नसतो. दोन इंजिनांचं प्रवासी विमान एका इंजिनावर वर चढू शकतं का हे सिद्ध केल्याशिवाय त्याला परवानाच मिळत नाही. म्हणून आईंना सांगा की एका इंजिनात पक्षी गेला म्हणून विमान पडत नाही. भीती असते ती थव्याची, दोन्ही इंजिनांत एकदम गेला तर.

प्रश्न (कराडहून इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी): सर, इंजिनाच्या तोंडाला जाळी लावली तर प्रश्नच मिटेल ना? इतकी वर्षं कुणी का लावली नाही?

उत्तर: मी ट्रेनिंगला असताना पहिल्या आठवड्यात हेच विचारलं होतं. टेकऑफला असं इंजिन सेकंदाला तीनशे किलोच्या वर हवा ओढतं. एक किलोचा पक्षी त्या वेगात अडवायचा तर जाळी किती जाड लागेल विचार कर, आणि तेवढी जाड जाळी लावली की हवेचा प्रवाह तुटणार, ताकद कमी होणार, ढगात गेल्यावर जाळीवर बर्फ धरणार, आणि एखाद्या दिवशी जाळीच तुटून आत गेली तर पक्ष्यापेक्षा लोखंड कितीतरी वाईट. पक्षी मऊ असतो, तो आत जाऊन चिरडला जातो आणि बऱ्याचदा इंजिन ते पचवतं.

म्हणून जाळीऐवजी इंजिनच मार खाणारं बनवतात. मोठ्या हवेच्या तोफेतून मेलेले पक्षी चालू इंजिनात मारून बघतात. नियम असा की इंजिनाच्या तोंडाच्या मापाप्रमाणे १.८५ ते ३.६५ किलोचा एक मोठा पक्षी आत गेला तर इंजिन बंद पडलं तरी चालेल, पण आग लागता कामा नये, तुकडे कवच फोडून बाहेर येता कामा नयेत. मध्यम पक्ष्यांचा थवा गेला तर मात्र किमान ७५ टक्के ताकद टिकली पाहिजे आणि वीस मिनिटं चाललं पाहिजे, म्हणजे वळून परत येऊन उतरता येईल.

हे नियम फुकट आलेले नाहीत. ४ ऑक्टोबर १९६० ला बोस्टनहून उडालेलं ईस्टर्न एअरलाइन्सचं इलेक्ट्रा विमान स्टारलिंगच्या थव्यात शिरलं, आपल्या साळुंकी-भोरडीच्या कुळातला हा पक्षी, मुठीत मावेल एवढा. इंजिनांची ताकद गेली, विमान बंदरातल्या पाण्यात पडलं, ७२ पैकी ६२ माणसं गेली. पिसांच्या तुकड्यांवरून पक्षी कोणता ते रॉक्सी लेबर्न या अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली शोधून काढलं आणि पिसं ओळखण्याचं एक वेगळं शास्त्रच त्यातून उभं राहिलं. तू इंजिनिअरिंग करतेस म्हणून मुद्दाम सांगतो, सुरक्षेचं निम्मं काम असं पक्ष्यांच्या अभ्यासकांनी केलेलं आहे.

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): अहमदाबादच्या अपघातानंतर आमच्या ग्रुपवर सगळे म्हणत होते की पक्षी इंजिनात गेले. खरं काय?

उत्तर: १२ जून २०२५ ला २६० माणसं गेली, २४१ विमानातली आणि १९ खाली जमिनीवरची. त्यांच्या घरच्यांचा विचार करून तरी अंदाज पसरवू नयेत असं मला मनापासून वाटतं. विमान अपघातांचा तपास करणाऱ्या एएआयबी या सरकारी संस्थेच्या प्राथमिक अहवालात काय आहे तेवढं सांगतो. उडाल्यावर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एकापाठोपाठ एक, सेकंदाच्या फरकाने, बंदच्या जागी गेले. उड्डाणाच्या मार्गाच्या आसपास पक्ष्यांची विशेष हालचाल दिसली नाही हेही त्याच अहवालात स्पष्ट लिहिलंय. पक्षी धडकला की खूण राहतेच, रक्त, पिसं, मांसाचा लगदा, पात्यावर वाकलेली जागा, आणि काहीच दिसलं नाही तर पुसून घेतलेल्या नमुन्यातून डीएनए निघतो.

प्रश्न (नाव छापू नये): विमानतळापासून तीन किलोमीटरवर माझं चिकनचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. विमानाला पक्षी धडकला की दुसऱ्या दिवशी गाडी येते आणि आमची दुकानं बंद करतात, कोंबड्यांचे पिंजरे उचलून नेतात. महिन्याने पुन्हा सगळं तसंच. घार काय फक्त माझ्याच दुकानावर येते का?

उत्तर: तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमचं दुखणं खरं आहे आणि नियमही खरा आहे, दोन्ही सांगतो.

१९३७ च्या विमान नियमांमधला ९१ वा नियम सांगतो की विमानतळाच्या केंद्रापासून दहा किलोमीटरच्या आत जनावरं कापायची नाहीत, सोलायची नाहीत, आणि पक्ष्यांना खेचून आणेल असा कचरा टाकायचा नाही. त्यात हॉटेल, मटणाची दुकानं, मासळीची दुकानं, हाडांचे कारखाने सगळ्यांची नावं आहेत, पण वाक्याची सुरुवात 'कोणीही' अशीच आहे. म्हणजे रात्री नाल्यात पिशवी भिरकावणारी सोसायटी त्यात येते, लग्नाचं उरलेलं जेवण मैदानात ओतणारा कार्यालयवाला येतो, कचरा वेळेवर न उचलणारी यंत्रणाही येते. मुंबईत देवनारचा कचऱ्याचा डोंगर विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आतच आहे, आणि तो १९२७ पासूनचा आहे. तेव्हा कारवाई फक्त पिंजऱ्यांवर झाली तर ती अर्धवट आहे हे मी स्पष्ट लिहितो.

पण घार तुमच्या दुकानावर येते हेही खरंच. तिची नजर फार लांबची. सकाळी दहा-अकरानंतर जमीन तापली की गरम हवेचे झोत वर जायला लागतात, रनवेचं डांबर तर जास्तच तापतं, त्या झोतांवर पंख न हलवता ती घिरट्या घालत वर चढते आणि तिथून खाली उघड्यावर पडलेलं आतडं तिला दिसतं. तुमच्या मागच्या गल्लीतून रनवेपर्यंत तिला यायला दोन-चार मिनिटं पुरतात. नेमकी त्याच उंचीवर विमानं असतात, जमिनीपासून पाचशे-हजार फुटांवर.

जुनी गोष्ट सांगतो. आम्ही कामाला लागलो त्या काळी घारीपेक्षा गिधाडाची भीती जास्त होती, पाच-सहा किलोचा पक्षी, धडकला की संपलं. १९८० च्या दशकात बीएनएचएसने, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली, देशातल्या विमानतळांवरच्या पक्ष्यांचा अभ्यास केला होता, विमानतळांभोवतीच्या मेलेल्या जनावरांचा आणि कत्तलखान्यांच्या घाणीचा मुद्दा तेव्हापासूनचा आहे. मग गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात जाऊन आपल्याकडची गिधाडं नव्वद टक्क्यांहून जास्त संपली. फार मोठं नुकसान होतं ते, मला अजून हळहळ वाटते. पण विमानतळ काही मोकळे झाले नाहीत, कारण घाण तिथेच राहिली, ती खायला घारी, कावळे आणि कुत्री आली.

बंगळुरूला एरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन असतं तेव्हा येलहंका या हवाई दलाच्या तळाच्या आसपास मांसविक्री बंद करतात, २०२५ मध्ये २३ जानेवारी ते १७ फेब्रुवारी, तेरा किलोमीटरपर्यंत. म्हणजे कारण काय आहे ते सगळ्यांना नीट माहीत आहे. लढाऊ विमानांसाठी तीन-चार आठवडे जे करता येतं त्यातलं कचऱ्याचं काम रोजच्या प्रवाशांसाठी वर्षभर का नको? दुकानं बंद करून नाही, घाण बंद डब्यात, रोज ठरलेल्या वेळी उचलून, लांब प्रक्रियेला नेऊन. तुम्ही आणि शेजारचे पाच-सहा दुकानदार मिळून झाकणाचे ड्रम घ्या, कापायची जागा आत आणि जाळीने बंद करा, पिसं-आतडी एक तासही उघड्यावर ठेवू नका आणि पालिकेकडे गाडीची वेळ लेखी मागा. परवाना, जागा याचा प्रश्न त्याने सुटणार नाही, नियम तो नियमच. पण घार तुमच्या गल्लीवरून जाईल आणि उतरायला कारण सापडणार नाही. आणि एक विनंती, घारींना मांसाचे तुकडे उडवणारी माणसं गल्लीत असतील तर त्यांना तुम्हीच समजावा, तुमचं ऐकतील.

प्रश्न (न्यू जर्सीहून एक ताई): आम्ही इथे हडसनच्या पलीकडेच राहतो. २००९ मध्ये विमान नदीत उतरलं ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. त्यानंतर न्यूयॉर्कच्या बागांमधले हंस पकडून मारले, मुलं रडली होती. त्याने खरंच फरक पडतो का?

उत्तर: १५ जानेवारी २००९, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाहून उडालेलं ए-३२०, साधारण २८०० फुटांवर कॅनडा गूजचा, म्हणजे तुम्ही लिहिलंय त्याच हंसांचा थवा समोर आला आणि दोन्ही इंजिनांची ताकद एकदम गेली. ती इंजिनं तपासली होती चार पौंडांच्या, म्हणजे १.८ किलोच्या पक्ष्यासाठी, आणि हा पक्षी अडीच ते जवळपास पाच किलोचा. कॅप्टन सलनबर्गर आणि को-पायलट स्काइल्स यांच्याकडे साडेतीन मिनिटं होती. १५५ जण वाचले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर पिसांनीच दिलंय. स्मिथसोनियनच्या प्रयोगशाळेने इंजिनातल्या पिसांची रासायनिक तपासणी केली, पक्षी जिथे वाढतो तिथल्या पाण्याची-अन्नाची खूण पिसात राहते, आणि निघालं की ते पक्षी स्थलांतर करणारे होते, कॅनडातल्या लॅब्राडोरकडचे. बागेतले हंस बारमाही तिथलेच. बारमाही थवे विमानतळाजवळ वाढू देऊ नयेत हे बरोबरच आहे, तेही इंजिनात जातातच, पण त्या दिवशीचे पक्षी बागेत सापडणार नव्हते. मला विचाराल तर मारणं हा शेवटचा उपाय. जागा रिकामी केली की दुसरे येऊन बसतात. हिरवळ, तळी, खायला घालणारी माणसं, हे बदललं तर फरक टिकतो.

प्रश्न (सातवीतला वाचक, लातूर): काका, इंजिनाच्या मधोमध पांढरा गोल गोल शंखासारखा पट्टा असतो तो पक्ष्यांना घाबरवायला का?

उत्तर: तो मुख्यतः आमच्यासाठी असतो रे. खाली काम करणाऱ्या माणसाला लांबून कळावं की फॅन फिरतोय, जवळ जायचं नाही. कानाला मफ लावलेले असतात, आवाजावरून कोणतं इंजिन चालू आहे ते कळत नाही.

प्रश्न (घाटकोपरहून एक आजी): आमच्या इथे पंतनगर-लक्ष्मीनगरला मे २०२४ मध्ये रात्री आभाळातून फ्लेमिंगो पडले. मी स्वतः पाहिले, गुलाबी पंख रस्त्यावर. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला. त्या पक्ष्यांचं काय होणार?

उत्तर: आजी, तो २० मेचा प्रकार. दुबईहून उतरायला येणाऱ्या मोठ्या विमानाला थवा धडकला, चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो गेले, विमान सुखरूप उतरलं. हे उतरतानाचं झालं, पण भरलेलं विमान चढताना तोच थवा समोर आला तर काय, हा विचार करून मला झोप लागत नाही. एकेक पक्षी दीड-दोन किलोचा आणि त्याहून मोठाही, थव्याने उडणारा, रात्रीही फिरणारा.

भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो, मग फ्लेमिंगो नेरूळ, सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर येऊन थांबतात, ओहोटीला परत ठाण्याच्या खाडीत. २०२४ मध्येच नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट बंद झाली होती, तलाव सुकला. पक्ष्याची ठरलेली जागा गेली की तो नवी जागा शोधत भटकतो, आणि आसपास सगळं बांधून काढलं तर मोकळी सपाट जागा उरते ती विमानतळाचीच. बीएनएचएसच्या अभ्यासकांचं म्हणणं हेच होतं की या पाणथळ जागा राखा, नाहीतर पक्षी विमानतळाकडे सरकतील. विमानतळ की फ्लेमिंगो असा वाद लोक घालतात तो मला पटत नाही, तलाव भरलेला असणं ही प्रवाशांच्याही जिवाची गोष्ट आहे. तुमच्या वॉर्डात कुणी पाणथळ जागा वाचवायच्या अर्जावर सही मागायला आलं तर नक्की करा.

प्रश्न (नववीतली मुलगी, गावाचं नाव नको): माझे बाबा विमानतळावर बर्ड चेझर आहेत. वर्गातली मुलं म्हणतात कावळे हाकलायची नोकरी. तुम्ही इंजिनिअर होतात म्हणून विचारते, ते काम खरंच महत्त्वाचं आहे का?

उत्तर: बाळ, मी इंजिन उघडायचो ते पक्षी धडकल्यावर. तुझे बाबा तो धडकूच नये म्हणून उभे असतात. अख्ख्या साखळीत त्यांच्याआधी कुणीच नाही.

नुसते फटाके वाजवून भागत नाही. गॅसची तोफ, स्पीकरवरचे आवाज याला पक्षी काही दिवसांत सरावतात, मग जागा बदलावी लागते, वेळ बदलावी लागते. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडते आणि रनवेच्या कडेला गायबगळे, साळुंक्या, घारी गोळा होतात, म्हणूनच पावसाळ्यात आपल्याकडे बर्ड हिट वाढतात. गवत कापायला ट्रॅक्टर फिरला की त्याच्यामागे बगळे. रात्री उंदरांसाठी घुबड. डीजीसीएने, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्या विमानतळांना गवत, किडे, साचलेलं पाणी, कचरा, रनवेची वारंवार पाहणी याबद्दल सूचना काढल्या, त्यात बर्ड चेझर नेमण्याचाही उल्लेख आहे. एटीसीला 'रनवेवर पक्षी आहेत' हे वेळेवर कळलं तर पायलट एक मिनिट थांबतो, आणि व्ही-वनबद्दल वर लिहिलंय ते वाच म्हणजे त्या एका मिनिटाची किंमत कळेल.

टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते, रनवेच्या कडेलाही घालते, आणि अंडी असली की फटाक्याला हलत नाही. तेव्हा बाबा काय करतात ते त्यांना विचार आणि मला लिहून पाठव, पुढच्या अंकात तुझ्या शब्दांत छापतो.